माळेतला धाकटा मणी

माझी थोरली आत्या बुरशीची चित्रं काढते. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग फोटो का नाही काढत?" फोटोत समोरचं सगळंच येतं, काय बघायचं ते कळत नाही. आत्याच्या चित्रात ते कळतं. पण हे किती जणांना समजावत बसायचं?

एका संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी तिचं टेबल आहे. तिच्या सूक्ष्मदर्शकाला एक छोटा आरसा जोडलेला असतो. त्यातून काचेखालची बुरशी आणि कागदावरची पेन्सिल एकाच वेळी दिसतात. मग शाई, आणि मग ठिपके, तासन्‌तास. तिथले सर सगळ्यांच्या चुका काढण्यात पटाईत, पण आत्याच्या चित्रापुढे नुसती मान डोलावतात. "हात बसलाय माझा," असं ती खुशाल सांगते. फुशारकी आहे, पण ती तिला शोभते.

दोन वर्षांपूर्वी सरांना कुजक्या सालीवर एक बुरशी सापडली, बीजाणूंच्या माळा धरणारी. अशा माळा दोन तऱ्हांनी वाढतात. एकीत नवा मणी टोकाला फुटतो, म्हणजे अगदी शेंडेफळच. तिला अ‍ॅक्रोपेटल म्हणतात. दुसरीत नवा मणी बुडातून येतो आणि आधीच्यांना वर ढकलतो, त्यामुळे टोकावर बसलेला सगळ्यांत म्हातारा. ती बॅसिपेटल. आत्याच्या चित्रात टोकाचा मणी सगळ्यांत लहान होता, म्हणजे ही अ‍ॅक्रोपेटल. बाकी सगळं एका जुन्या, माहितीतल्या बुरशीसारखं होतं, पण ती बुरशी बॅसिपेटल. तेव्हा ही नवीच जात ठरली! सरांनी शोधनिबंध लिहिला आणि नव्या जातीला आत्याचं नाव दिलं.

आमच्या घराला आभाळ ठेंगणं झालं. आईनं गल्लीभर केलं. बाबा आत्याचे धाकटे भाऊ. "लोकांची नावं रस्त्यांना देतात, आमच्या ताईचं बुरशीला!" असं चिडवत होते, पण निबंधाचं पहिलं पान खिशात घालून फिरत होते. आत्या लाजली वगैरे मुळीच नाही. "द्यायलाच हवं होतं," म्हणाली.

मग शोधपत्रिकेच्या संपादकांनी माळ वाढण्याच्या पायऱ्यांचं आणखी एक चित्र मागितलं. पहिलं चित्र मेलेल्या, निळा रंग दिलेल्या बुरशीवरून काढलेलं होतं. आता जिवंत माळ बघायला हवी होती. आत्यानं काचपट्टीवर ती वाढवली आणि चौथ्या दिवशी सकाळी नऊला डोळा लावून बसली. एका माळेत बुडापासून दुसऱ्या मण्याला जरासा पोचा आला होता. खूण म्हणून तिनं तोच धरला. अकराला तो तिसरा झाला. दोनला चौथा. पाचला सहावा. टोकाला एकही नवा मणी आला नव्हता, सगळे बुडातून येत होते. म्हणजे माळ बॅसिपेटल, आणि बुरशी ती जुनीच.

तिनं जुनी काचपट्टी काढून पुन्हा पाहिली. टोकाचा मणी बाकीच्यांएवढाच होता. आयुष्यभर अ‍ॅक्रोपेटल माळा काढून काढून तिचा हात टोकाकडे आपोआप बारीक होत गेला होता. त्या बसलेल्या हातानंच घात केला होता.

रात्री जेवताना तिनं आम्हाला हे सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"ताई, कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"तुझ्या बापाला तर नाहीच. तो माझाही होता, त्याला साधा आंबा काढता येत नव्हता." आत्यानं भाजी वाढून घेतली. "पण उद्या एखादी पोरगी ही माळ वाढवेल. शेजारी माझं चित्र ठेवेल आणि म्हणेल, माझंच बघण्यात चुकलं. ते मी होऊ देणार नाही."

मला तिचा भयंकर राग आला. मैत्रिणींना सांगून बसले होते मी! दुसऱ्या दिवशी हट्टानं तिच्याबरोबर संस्थेत गेले. वाटलं, सर तरी तिला समजावतील.

सरांनी काचेखाली बराच वेळ पाहिलं. मग आत्याचं जुनं चित्र आणि काल जिवंत माळेवरून काढलेलं नवं चित्र शेजारी ठेवून पाहिली.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "मी चित्र पाहिलं, माळ पाहिली नाही. निबंध मागे घ्यावा लागेल."

"घ्यायचाच. आणि त्या जुन्या बुरशीची ही नोंद नीट छापायची. सालीवर ती आधी कुणाला सापडली नव्हती ना?"

सरांनी मान हलवली, निबंधाचं पहिलं पान पुढे ओढलं, पेन आत्याच्या नावावर टेकवलं आणि थांबले. पेन हलेना.

"तुम्ही जरा बाहेर जाऊन बसता का?" ते हळूच म्हणाले.

"कशाला? द्या इकडे."

आत्यानं त्यांच्या हातातलं पेन घेतलं, स्वतःचं नाव खोडलं आणि वर त्या जुन्या बुरशीचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं.