हालू नका, मल्लव्वा

माझी मल्लव्वा चिक्कव्वा, म्हणजे आईची धाकटी बहीण, कसबा बावड्यात म्हशी पाळायची. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे म्हशींशी आणि देवाशी कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. तिच्या दुधाचं नाव होतंच, पण मला अप्रूप होतं ते तिच्या एका खोडीचं. कुणावर फुकटचा आळ आलेला तिला खपत नसे. एकदा शाहूपुरीतल्या एका घरी दूध नासलं आणि तिथली बाई म्हशीच्या चाऱ्याला नावं ठेवू लागली. चिक्कव्वा भर दारात म्हणाली, "म्हशीला बोलू नगा. किटली मीच नीट धुतली न्हवती." गिऱ्हाईक तुटलं. मी वैतागून म्हटलं, गप्प बसायला काय झालं होतं? तर म्हणाली, "म्हशीला बोलता येतंय का? मग तिच्या वतीनं कोण बोलायचं?"

दोन हजार सात साली एका सकाळी धार काढताना तिचा उजवा हात गेला. बोटं सडावरून निसटली, हात लोंबकळू लागला. थोड्या वेळानं तो परत आला आणि बाईसाहेब पुन्हा धारेला बसल्या. मी अक्षरशः ओढून तिला डॉक्टर इंगवल्यांकडे नेलं. मानेच्या सोनोग्राफीत डावीकडची रक्तवाहिनी बंद दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, की ती पूर्ण बंद असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही. पण केसभर जरी उघडी असेल तर साफ करायलाच हवी, नाहीतर पुढच्या झटक्यात हात कायमचा जाईल, कदाचित माणूसही.

"म्हंजे पार आटली का बारीक धार हाय, त्ये बघायचं," चिक्कव्वा म्हणाली.

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाले.

ते बघायला एमआरआय. शिरेतून एक औषध सोडायचं, म्हणजे रक्ताची वाट फोटोत उजळून दिसते. तेव्हा अशी दोन औषधं होती आणि मानेच्या नसांसाठी त्यातलं कुठलं चांगलं, हे डॉक्टर पडताळून पाहत होते. त्यासाठी एकाच माणसाचे दोन फोटो लागत, काही दिवसांच्या अंतरानं, एकेका औषधाचे. चिक्कव्वाला विचारलं. ती म्हणाली, "बघा की. दोन म्हशी शेजारी बांधल्याबिगर कळतंय व्हय?"

दोन्ही फोटो झाले, आणि घोळ झाला. पहिल्यात नस बंद. दुसऱ्यात कोळ्याच्या धाग्याएवढी पांढरी रेघ, म्हणजे नस उघडी! ऑपरेशन करणारे डॉक्टर काही तयार होईनात. सोनोग्राफी बंद म्हणते, पहिला फोटो बंद म्हणतो, एका रेघेच्या भरवशावर मानेला सुरी कशी लावायची? माझं डोकं फिरलं होतं. एवढं मोठं यंत्र, आणि त्यालाही होय-नाही सांगता येईना!

इंगवले दोन्ही फोटो दिव्यावर लावून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "पहिला जरा धूसरच आहे. ते औषधच कमी पडलं असावं."

चिक्कव्वा खुर्चीत चुळबुळ करू लागली. पदर तोंडाला लावला, काढला.

"डाक्टर, त्या औषधाला बोलू नगा. मी हाललो."

"हाललात? स्नेहलनं सांगितलं नव्हतं?" स्नेहल म्हणजे यंत्र चालवणारी मुलगी. ती दारातच उभी होती. "मी दोनदा सांगितलं, आज्जी. हालू नका, हालू नका!"

"तेच की गं!" चिक्कव्वा म्हणाली. "उपाशीपोटी या म्हणालतीस. आन् मी पयल्या खेपेला सकाळी घोटभर दूध पिऊन आलोतो. कानात त्यो बोळा, वरनं धडाधडा आवाज, आन् त्यातनं तू वराडतीस, हालू नको, हालू नको! मला वाटलं, यंत्रात दूध दिसलं. म्हून मान वर करून म्हटलं, घोटभरच घेतलंय बाई, माफी कर!"

कानडीत हालू म्हणजे दूध. मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. कारण दूध पिऊन गेलं की घरी हाकलतात, परत घेत नाहीत, असं गल्लीतल्या धोंडुबाईनं तिला ठासून सांगितलं होतं. हे बोललो तर उपचारच बंद होणार, या समजुतीत ती बोलली होती. स्वतःच्या हातावर पाणी सोडायला निघाली होती, ते एका बाटलीतल्या औषधाची अब्रू राखायला.

डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही. "मल्लव्वा," ते म्हणाले, "पहिला फोटो रद्द. त्याच औषधाचा पुन्हा काढावा लागेल. परत सुई."

"टोचा की."

मधे काही दिवस गेले. या खेपेला पोट खरोखर रिकामं. स्नेहलनं माझ्याकडून एक कानडी शब्द घोकून घेतला होता आणि यंत्रात तोच ओरडली, "अलुगाडब्याड!" म्हणजे हलू नकोस. चिक्कव्वा दगडासारखी पडून राहिली.

रेघ आली. तीच, तशीच, त्याच जागी. दोन्ही औषधं एकच सांगत होती. बारीक धार होती!

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा मानेला पट्टी, चेहरा पांढराफटक. उजवा हात चादरीवर निपचित पडला होता आणि त्याच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती. तिला दूध द्यायची परवानगी मिळाली त्या दुपारी स्नेहल भेटायला आली. हातात पेला. पलंगाशी वाकून हळूच म्हणाली, "चिक्कव्वा, हालू."

चिक्कव्वानं एक डोळा उघडला.

"आता हालू व्हय गं?" असं म्हणून तिनं उजवा हात उचलला आणि पेला घेतला.