डाव्या हाताची मूठ

लकव्यानं आबांचं बोलणं गेलं, उजवं अंगही गेलं. उरला डावा हात. पाणी, उशी, पंखा, सगळं ते त्या हातानं सांगायचे, आणि घरात ते फक्त मलाच कळतं असा माझा तोरा होता. डॉक्टर म्हणालेले, "त्यांच्या खुणा ओळखत राहा, नाहीतर माणूस हाय खाईल."

त्या दिवशी त्यांना व्यायामासाठी अंथुर्ण्याहून बारामतीला नेत होतो. सणसरच्या अलीकडं गाडी बंद पडली. डिझेल संपलेलं. टाकीचा काटा अर्ध्यावरच अडकतो हे मला माहीत होतं, पण करू उद्या, करू उद्या! जवळच्या वस्तीवरून कॅनभर डिझेल आणून ओतलं आणि सेल मारला. इंजिन नुसतं घरघर फिरायचं, चालू काही होईना. पुन्हा सेल, पुन्हा घरघर.

मागच्या सीटवरून आबा डावा हात पुढं करून मूठ आवळत होते, सोडत होते. उभा जन्म डिझेल गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, पण तेवढंही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. वाटलं, व्यायामाचा बॉल मागतायत. दिला, तर त्यांनी तो फेकून दिला आणि घशातून आवाज काढत परत मूठ आवळायला लागले.

"आबा, गप बसा की वो जरा! हितं माझा जीव चाललाय!" मी खेकसलो.

हात खाली गेला. मी बॅटरी बसेपर्यंत सेल मारत राहिलो.

शेवटी उसाचा एक ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरनं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "पाव्हणं, टाकी कोरडी झाली की लायनीत हवा धरती. नुसता सेल मारून काय हुतंय?" त्यानं बॉनेट उघडलं, फिल्टरजवळचा रबरी फुगा हातात धरला आणि हवा निघावी म्हणून दाबायला लागला. मूठ आवळायची, सोडायची. आवळायची, सोडायची.

मी मागच्या सीटकडं बघितलं.

ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायरी जोडून सेल मारला, तशी गाडी लगेच चालू झाली. मी मागचं दार उघडलं. "आबा, तुमी हेच सांगत हुता न्हवं?" ते बाहेर उसाकडं बघत होते. मान वळवली नाही.

पुढं वर्षभर आबा होते. पाणी पाजायचो, कूस बदलायचो, सगळं आमच्या अंदाजानं. मी त्यांच्या पाया पडलो, रडलो, त्यांच्यासमोर बसून स्वतःची मूठ आवळून दाखवली. डाव्या हाताला काही झालेलं नाही, असं डॉक्टर दर खेपेला सांगायचे. आबांनी तो हात परत उचलला नाही.