तिसरा सरेपर्यंत बोलायचं नाही

वसुमतीच्या मनगटावर हिरवा ठिपका चमकला तेव्हा तिला तिसरा महिना सरत आला होता आणि घराबाहेर कुणालाच पत्ता नव्हता.

बेंगळुरातल्या आमच्या चामराजपेटेत जुन्या मराठी घरांत अजून हे चालतं. तिसरा सरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, दृष्ट लागते. त्यात वसुमतीचं मागे एकदा पोट पडलेलं. सासूबाईंनी बजावलंच होतं, "कामावर बोललीस तर बघ!"

काम म्हणजे व्हाइटफील्डच्या एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं. तिथे डोळ्यांना न दिसणारे कण बनवतात. जांभळ्या दिव्याखाली धरले की हिरवे, तांबडे चमकतात. पेशींना चिकटवले की आजार कुठे दडलाय ते दिसतं. चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यातल्या काही कणांच्या पोटात कॅडमियम असतं, विषारी धातू. म्हणून गरोदर बाईला त्या कामावरून हलवायचं असा तिथला नियम. फक्त तिने आधी सांगायला हवं.

आणि बाळाचं काळीज, मेंदू, हातपाय घडतात त्याच महिन्यांत आमच्या बायका गप्प!

हातमोजा फाटला होता. भांडी स्वच्छ झाली का ते दिव्याखाली बघताना तिला तो ठिपका दिसला. घासघासून धुतला आणि बसमधून उतरून थेट शेजारी माझ्याकडे आली. दिवस गेल्याचंही मला तेव्हाच सांगितलं.

"अक्का, आत गेलं असेल का हो?"

मला काय ठाऊक! माझी शाळा अर्धवट सुटलेली, भांडत भांडत जे वाचलं तेवढंच. तरी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले. गेटवरच्या माणसाशी वाजलंच, पण आत शिरले.

तिथे ते कण बनवणाऱ्या शास्त्रज्ञ मनस्विनी मॅडम पुण्याच्या. मी आवाज चढवला, "या बाईच्या बाळाला धोका आहे की नाही? एका शब्दात सांगा."

"एका शब्दात नाही येणार," त्या म्हणाल्या. "उंदरांत मात्रा जास्त झाली की गर्भाला इजा झालेली दिसते. कणावरचं वेष्टण पक्कं असेल तर कमी. कातडी शाबूत असेल तर त्यातून फारसे आत जात नसावेत. पण गरोदर बाईच्या शरीरात काय होतं, हे कुणी नीट तपासलेलंच नाही. काही होत नाही म्हणाले तर ते खोटं होईल." मग तिच्याकडे वळून, "वसुमती, आधी का नाही सांगितलंत?"

"आमच्यात सांगत नाहीत, मॅडम."

मी भांडणाची तयारी करून आले होते. आता कुणाशी भांडू?

"मग तिने सांगायची वाट कशाला बघता?" मी म्हटलं. "हाताने धुणंच बंद करा, सगळ्यांसाठी."

"सरी," मॅडम इथल्या कानडीत 'बरं' म्हणाल्या. "वर विचारते."

वर विचारायला किती चपला झिजल्या ते मला विचारा. शेवटी भांडी धुण्याचं यंत्र आलं. वसुमतीला त्याआधीच दुसरीकडे हलवलं होतं.

पाचव्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, दिसतंय तेवढं सगळं जागच्या जागी आहे. सासूबाईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "बघा, कुणाला सांगितलं नाही म्हणूनच!"

एरवी मी तिथेच घर डोक्यावर घेतलं असतं. पण जीव इतका शिणला होता की पेढा खाल्ला, झालं.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा वसुमती हळूच म्हणाली, "अक्का, ते अंगातून कधी बाहेर पडतं का हो?"

"विचारते मॅडमना," मी म्हटलं आणि चपला घातल्या.