चिंतामण भटजींचा डावा पाय

अमरावतीत अंबा दरवाज्याच्या आत चिंतामण भटजींचं बिऱ्हाड होतं. आवाज असा, की गल्लीच्या या टोकाला रुद्र म्हणायला बसले तर त्या टोकाच्या बाया हातातलं काम ठेवून नमस्कार करायच्या. माणूस विनोदी, जेवणारा, आणि शास्त्राला इतका पक्का की समोरच्याला वैताग यावा. त्यांना झालेला रोग दुसऱ्या कोणाला झाला असता तर लोक चार दिवस हळहळून विसरले असते. भटजींना तो देऊन देवाने नेमकं वर्मावर बोट ठेवलं.

तिशी ओलांडल्यावर एका पावसाळ्यात त्यांना हुडहुडी भरून ताप आला. डाव्या जांघेत बोराएवढी गाठ आली आणि मांडीवर लाल रेघ उमटली. त्यांच्या पत्नी कुंदाबाई यांनी हळदीचा लेप घातला, काढे दिले. ताप उतरला, पायाची सूज मात्र पुरती उतरली नाही. पुढल्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मुक्कामाला येणारा पाहुणा दर खेपेला एक वळकटी विसरून जावा तसा तो ताप जाताना थोडी सूज मागे ठेवून जायचा. आधी अंगठ्याने दाबलं की खळगा पडे. मग तोही पडेना. कातडी जाड झाली, घोटा दिसेनासा झाला, आणि पाय गुडघ्यापासून बोटांपर्यंत एकसारखा खांबासारखा झाला.

या रोगाला लोक हत्तीपाय म्हणतात आणि शास्त्र श्लीपद म्हणतं. श्राद्धाच्या पानावर कोणत्या ब्राह्मणाला बसवू नये हे शास्त्राने सांगून ठेवलं आहे. त्यात चोर आहे, जुगारी आहे, आणि श्लीपदीही आहे. बिचाऱ्या आजाऱ्याला चोराच्या पंगतीला का बसवलं, हे विचारायचं कोणाला? भटजींनी तरी विचारलं नाही. त्यांना ते वचन पाठ होतं आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. त्यांनी फक्त धोतर चार बोटं खाली नेसायला सुरुवात केली आणि गुडघ्यात वात शिरल्याचं सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अमरावतीत दाखवलं तर बोभाटा होईल, म्हणून ते बडनेऱ्याला गाडी धरून अकोल्याला डॉक्टर महादेवरावांकडे गेले. तिथेही धोतर वर घेईनात. शेवटी कंपाउंडरच म्हणाला, "महाराज, कावून लाजून राहिले? अठी असे पाय रोजच येतात."

महादेवरावांनी पाय पाहिला, जांघ चाचपली आणि समोर खुर्ची ओढून बसले. बोलायची आवड असलेला डॉक्टर होता.

"रक्ताच्या नळ्या तुम्हाला ठाऊक आहेत. त्याखेरीज अंगात आणखी एक जाळं असतं, केसासारख्या बारीक नळ्यांचं. रक्तातलं थोडं पाणी सारखं बाहेर पाझरत असतं. ते मांसाला पोसतं, घाण धुतं, आणि या नळ्यांतून परत रक्तात जातं. वाटेत मानेत, काखेत, जांघेत गाठी असतात. त्या म्हणजे नाके समजा. पायाला खरचटलं, जंतू आत शिरला, की जांघेतली गाठ त्याला अडवते, म्हणून ती सुजते. दुखते ती तुमच्यासाठीच झुंजून राहिली असते."

"मग माझ्या पायाचं काय झालं?"

"डासाने तुमच्या अंगात कृमी सोडले, ते त्या नळ्यांत राहायला गेले. नळ्या बिघडल्या. काळ्या रानातलं पाहिलंय ना? धुऱ्याकडचा, बांधालगतचा चर बुजला की पाऊस थांबला तरी पाणी हटत नाही, कपाशीची पऱ्हाटी उभ्या उभ्या पिवळी पडते. तसं पाणी धरलं आहे तुमच्या पायाने. आणि साचल्या पाण्यात जंतू माजतो. दर तापाला आणखी नळ्या जातात."

"औषध?"

"कृमीवर नाही. पायावर आहे. या पाण्याला वर चढवायला हृदयासारखा पंप नसतो. पोटरी हलली, श्वास खोल घेतला, तरच ते सरकतं. म्हणून चालत जा. तासन्तास मांडी घालू नका. निजताना पाय उशाहून उंच ठेवा. पाय रोज साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्यांतून अगदी कोरडा करा. तिथे चिखल्या दिसतात ना, जंतू त्या दारातून येतो. ओलं धोतर नको, अनवाणी चालणं नको."

भटजी हसले. "डॉक्टर, भटाने मांडी घालायची नाही, तर काय उभ्याने लग्नं लावून पोट भरायचं?"

पण ते हसणं वरवरचं होतं. सोवळं म्हणजेच ओलं धोतर आणि अनवाणी पाय. कातड्याची वहाण विटाळाची, चरबीचा साबण विटाळाचा. ज्या ज्या गोष्टींनी ते पवित्र होत होते, त्या प्रत्येकीने पाय सडत होता. हे त्यांना कळलं आणि त्यांनी सोडलं काहीच नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

कुंदाबाईंनी मात्र डॉक्टरचा शब्द न् शब्द उचलला. साबण नको तर रिठ्याचं पाणी. रोज संध्याकाळी त्या पाय धुवत, जुन्या लुगड्याच्या मऊ चिंध्यांनी बोटाबोटांतून टिपत, खाटेच्या पायथ्याखाली विटा लावत. सकाळी पाय थोडा उतरलेला असे. मग भटजी कोणाच्या लघुरुद्राला जात, आणि रात्रीची कमाई दुपारपर्यंत पुसली जाई. बाईने कधी तक्रार केली नाही. करायला हवी होती.

पुरोहित म्हणून मंत्र सांगायला भटजी श्राद्धांना जात. पितरांच्या जागी पानावर बसणं टाळत. पण पितृपक्षात ब्राह्मण मिळणं कठीण. उत्तमराव वकिलांकडे त्यांच्या वडिलांच्या तिथीला ठरलेला ब्राह्मण ऐन वेळी आला नाही, स्वयंपाक होऊन बसलेला, आणि उत्तमरावांची आई माणिकबाई हात जोडून म्हणाली, "तुमीच बसा न, भटजी." भटजी बसले. मनातल्या मनात पितरांची क्षमा मागितली. एकदा बसल्यावर दुसऱ्या वर्षी काय सांगून नाही म्हणणार? ते दर वर्षी बसत गेले. पाय धुवायला यजमान पुढे आला की उजवा पाय पुढे करायचे. "डाव्यावर पळीभर शिंपडा, वाताचा आहे, रुसतो." सगळे हसायचे. जेवताना मात्र एकेका घासाला ते मनात पुन्हा क्षमा मागायचे. ब्राह्मणाने खाल्लेलं पितराला पोचतं, हे त्यांच्याइतकं खरं मानणारा त्या घरात दुसरा कोणी नव्हता.

एका वर्षी त्याच तिथीला सकाळी त्यांना हुडहुडी भरली. कुंदाबाई म्हणाल्या, जाऊ नका. पण श्राद्ध कसं मोडायचं? ते गेले. अंगणात पाय धुवायच्या पाटापाशी उभे राहिले आणि तिथेच कोसळले. धोतर वर गेलं. सगळ्या घराने तो पाय पाहिला, मांडीपर्यंत लालबुंद, कातडी ताणून चकाकणारी. उत्तमरावांनी स्वतः टांग्यात घालून त्यांना घरी पोचवलं.

कोणी शिवी दिली नाही, कोणी दारावर दगड मारला नाही. फक्त बोलावणी बंद झाली. दिवाळी गेली, लग्नसराई गेली, श्रावण गेला. घरात एकवेळची चूल. आणि बसून राहिल्यावर पायाचं काय झालं? पाय उतरू लागला! मांडी नाही, ओलं धोतर नाही, कॅनव्हासचे बूट घालून रोज सकाळी वडाळीच्या तळ्यापर्यंत चालणं. त्या पावसाळ्यात ताप फिरकला नाही. एके संध्याकाळी कुंदाबाई चिंधीने पाय टिपता टिपता थांबल्या. "पाहा," त्या म्हणाल्या, "घोटा दिसून राहिला." आणि त्या रडल्या. भटजींच्याही मनात आलं, आता बोलावतील.

पितृपक्ष तोंडावर असताना उत्तमराव आले. ओसरीवर बसून बराच वेळ पाण्याचा पेला फिरवत राहिले. "आई नीट जेवत नाही, भटजी. बाबांना इतकी वर्षं पोचलं की नाही, एवढाच ध्यास घेतलाय. उद्या ती येणार आहे. तुम्ही फक्त पोचलं म्हणून सांगून द्या. पानावर दुसरा कोणी बसवू, पण मंत्र सांगायला तुम्हीच या. आमच्याकडे तुम्ही दिसलात की बाकीची घरंही बोलावतील."

ते गेल्यावर कुंदाबाई म्हणाल्या, "सांगून द्या. म्हातारीचा जीव निवेल आणि आपली चूल पेटेल. याच्यापेक्षा मोठं कोणतं शास्त्र आहे?"

दुसऱ्या दिवशी माणिकबाई आली. विधवेचं आलवण नेसलेली, वाळून अर्धी झालेली. ओसरीच्या खांबाला टेकून बसली.

"भटजी, मले तुमच्यावर राग नाही. आजार काही कोणी मागून घेत नाही. मले एकच सांगा. यायले, उत्तमच्या बापाले, पोचलं का नाही?"

आत स्वयंपाकघराच्या दारात कुंदाबाई उभ्या होत्या. भटजींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही, आई," ते म्हणाले. "शास्त्राप्रमाणे नाही पोचलं."

इथे कोणालाही भटजींचा संताप येईल. एका शब्दाचं काम होतं. पण ज्याने जन्मभर मंत्र खरे मानले, त्याला तेवढाच एक खोटा कसा म्हणता येईल? त्यांनी घाईघाईने सांगायला सुरुवात केली, यंदापासून दुसऱ्याकडून करवा, गयेला पिंड दिले की सगळे तृप्त होतात. माणिकबाईचं लक्ष नव्हतं. ती अंगणाकडे पाहत होती.

"अकरा वाजले की यायच्यानं दम निघत नव्हता," ती म्हणाली. "पाट मांडायच्या आधीच येऊन बसत. भुकेचे लय कच्चे होते हो."

ती उठली आणि गेली. उत्तमराव पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर भटजी पाच-सहा वर्षं जगले. चालणं सुटलं, देवापुढे मांडी घालून बसणं परत सुरू झालं, पाय पुन्हा भरला. पोटासाठी कुंदाबाई पापड-शेवया करून देत. रोज दुपारी घरात पहिलं पान वाढलं जाई ते परसातल्या भिंतीवर, उत्तमरावांच्या वडिलांच्या नावाने. त्याला कावळा शिवल्याशिवाय भटजी जेवायला उठत नसत. कावळे कधी येत, कधी उन्हं कलली तरी येत नसत, आणि म्हातारा डोळे मिटून उपाशी बसून राही. मग कुंदाबाई मागच्या दाराने जात, भिंतीवरचा भात बोटांनी विस्कटत, चार शितं खाली पाडत, हात धूत आणि आत येऊन सांगत, "पोचलं."