शिडीची एफी

कॅसी अंगणात चादरी वाळत घालत होती, तेवढ्यात शेजारच्या स्वयंपाकघरात भांडण पेटलं. डिसेंबरातली थंडी, चादरी दोरीवर पापडासारख्या कडक व्हायला लागलेल्या. शेजारचं दार मात्र सताड उघडं होतं, कारण त्यांचंच धुराडं तुंबून घरभर धूर झाला होता. गावाची धुराडी झाडणारा रॅनी, आणि त्याच्याच घरी ही तऱ्हा! कॅसीला मुद्दाम कान द्यायची गरज नव्हती. तरी तिनं दिला.

"पश्चिमेचं तिकीट काढून झालंय," रॅनी म्हणत होता. "ओरडून ते काही परत जाणार नाही."

"मागच्या वर्षी म्हणालास, ही शेवटची खेप. त्याच्या आदल्या वर्षीही तेच."

"मग खायचं काय? ऑक्टोबर आला की अख्खं गाव एकाच दिवशी बोंबलत येतं. रॅनी आधी माझं झाड, रॅनी आधी माझं! आणि मे महिन्यात रॅनी जिवंत आहे की मेला, कुत्रं विचारत नाही. ऑक्टोबरचा राजा नि मेचा भिकारी, असला धंदा आहे माझा."

"पोरगी तुला पाहुणा समजते रे. काल मला विचारत होती, बाबा परत कधी जाणार?"

मग रॅनी हळू आवाजात म्हणाला, "एफी, मला एक महिना असा दाखव, की तो उजाडायच्या आत मला ठाऊक असेल घरात किती येणार. एकच दाखव. तिकीट फाडून चुलीत घालतो."

"दाखवते!" एफी म्हणाली, आणि चुलीचं लोखंडी झाकण आपटल्याचा आवाज आला.

कॅसीनं तीच चादर काढून पुन्हा वाळत घातली.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या आमच्या त्या किनाऱ्यावर पश्चिमेला जाणं म्हणजे आल्बर्टात, तेलाच्या विहिरींवर. हिवाळा लागला की निम्मे पुरुष तिकडं जायचे आणि बर्फ वितळल्यावर दाढ्या वाढवून परत यायचे. बायकांना सवय झाली होती म्हणतात. म्हणणारे पुरुषच. एफीला अकरा वर्षांत ती सवय झाली नव्हती. ती रॅनीबरोबर प्रत्येक घरी जायची, खाली उभी राहून शिडी धरायची, काजळीच्या बादल्या ओतायची. एका गावात पाच रॅनी, म्हणून याला सगळे काजळ्या रॅनी म्हणत. आणि सहा एफी होत्या, म्हणून ही काजळ्या रॅनीची एफी. आमच्याकडे बाई अशीच ओळखली जायची, नवऱ्याच्या नावाला लटकून.

दुसऱ्या दिवशी एफी कॅसीच्या स्वयंपाकघरात आली. चहा ओतून घेतला. मग म्हणाली, "महिन्याला तीन डॉलर देशील?"

"कशाचे?"

"धुराड्याचे. बारा महिने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चच्या पायरीवर. मेमध्ये धुराडं झाडून मिळेल, सप्टेंबरात चूल नि तिचा धुराचा नळ तपासून मिळेल. आणि हिवाळ्यात काही अडलं तर त्याच दिवशी माणूस दारात."

"मेमध्ये धुराड्याची आठवण कुणाला राहणार, बाई?"

एफीनं याचाही विचार करून ठेवला होता. दुकानातून नवीन वर्षाचं कॅलेंडर सगळ्यांच्या घरी नुकतंच आलं होतं. तिनं कानामागची पेन्सिल काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि मेच्या दुसऱ्या मंगळवारी लिहिलं, 'धुराडं'. कॅलेंडरवर लिहिलेलं आमच्याकडे कुणी खोडत नाही. त्यावर लग्नं असतात, श्राद्धाच्या प्रार्थना असतात, गाय कधी विणार ते असतं.

कॅसी काल ऐकलेलं एक अक्षर बोलली नाही. डब्यातून तीन डॉलर काढून तिनं टेबलावर ठेवले. "पहिलं घर माझं," एवढंच म्हणाली.

बाकीची घरं इतकी सोपी नव्हती. "मोडलं नाही त्याचे पैसे द्यायचे? आम्ही काय शहरातले आहोत?" असं जो तो म्हणायचा. एफी म्हणायची, "देवाला दर रविवारी दानाचं पाकीट देता ना? मेल्यावर उपयोगी पडेल म्हणून. मी तर जिवंतपणी उपयोगी पडणार आहे." यावर काही हसले, काही रागावले. बर्फातनं वणवण करून नाताळपर्यंत तिनं सतरा घरं जमवली. सतरावा म्हणजे म्हातारा हेक्टर, एकटा राहणारा, जिभेचा तिखट. तो का तयार झाला, तर म्हणाला, "गंमत बघायला. फेब्रुवारीत नवरा तिकडं असताना माझ्या दारात कोण येतंय, ते बघायचंय मला."

रॅनीनं सतरा नावांचा कागद वाचला. खोटं कशाला सांगा, त्याचं तोंड पडलं. "एफी, हे पीठ नि साखर झाली. घर नाही चालत यात." ती रडली नाही. त्याच्या पिशवीत ओटच्या भाकऱ्या भरल्या, मोजे भरले, आणि सहा जानेवारीला तो गेला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळीच हेक्टरचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "चूल धूर ओकतेय. त्याच दिवशी म्हणाली होतीस ना? दिवस आजचा आहे."

एफीनं फोन ठेवला आणि तशीच कॅसीकडं गेली. चेहरा पांढराफटक. "कॅसी, शिडी धरशील?"

"वर कोण चढणार?"

"शिडी तू धरलीस, तर उरलं कोण?"

आज गेली नाही तर सतराच्या सतरा घरं मार्चच्या पहिल्या रविवारी पायरीवर तोंड फिरवतील, आणि रॅनी जन्मभर जानेवारीत जाईल, हे दोघींनाही कळत होतं. कॅसीनं कोट चढवला.

हेक्टर दारातच उभा होता. "नवरा कुठाय?"

"पश्चिमेला. चूल विझवलीत?"

"विझवली. पण बाईनं छपरावर चढणं अपशकुनी असतं."

"आणि थंडीनं काकडून मरणं शुभ असतं होय, हेक्टरकाका? सरका बाजूला."

समुद्रावरून वारा असा येत होता की शिडी कण्हत होती. दुकानापुढं चार माणसं हात खिशात घालून उभी राहिली. एफी एकेक पायरी चढली. ती कधी वर गेली नव्हती, पण अकरा वर्षं खालून बघत होती; रॅनी पाय कुठं टेकतो, दोर कमरेला कसा बांधतो, ब्रशाची काठी काठीला कशी जोडतो, सगळं तिला पाठ होतं. धुराड्यात काजळी डांबरासारखी घट्ट बसली होती. तिनं घातलेला पहिला ब्रश अडकला. खालच्या चौघांपैकी एक हसला. तिनं ब्रश ओढून काढला, साखळी सोडली, आणि खरवड खरवड खरवडलं. तीन बादल्या निघाल्या. चूल पेटवल्यावर धूर सरळ वर गेला, जसा जायला हवा तसा.

खाली उतरल्यावरही ती दोन्ही हातांनी शिडीला धरूनच उभी राहिली. कॅसीच्या कानाशी ती म्हणाली, "हसलीस तर ढकलून देईन."

हेक्टरनं पुढं काय केलं म्हणाल, तर तो दुकानात जाऊन बसला आणि येईल त्याला सांगत सुटला. "माझ्या छपरावर बाई चढली! असल्या वाऱ्यात! तुमच्या छपरावर कोण चढतं?" हरल्याचं दुःख राहिलं बाजूला, त्याला वाटायला लागलं की ही बाई त्यानंच शोधून काढली. ईस्टरपर्यंत एफीकडं एक्केचाळीस घरं झाली.

एप्रिलच्या अखेरीस रॅनी बसमधून उतरला, तेव्हा घरी कोणी नव्हतं. पिशवी खांद्यावर टाकून तो गावातून निघाला, आणि शाळामास्तरांच्या छपरावर त्याला आपली बायको दिसली. तोंड काळं, डोक्याला रुमाल, खाली कॅसी.

"एफी! उतर खाली! वेड लागलंय का तुला?"

"काम संपल्यावर उतरेन. कॅसीचे हात दुखतात. आलायस तर शिडी धर."

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि शिडी धरली. काय करतो!

त्या संध्याकाळी एफीनं त्याच्यापुढं एक्केचाळीस घरांचा कागद ठेवला. "हा तुझा मे. अजून उजाडायचाय. जून हवा तर जूनही दाखवते." रॅनीनं कागद दोनदा वाचला. त्याच्या कोटात तेलविहिरीवरच्या मुकादमाची चिठ्ठी होती, पुढच्या जानेवारीत जागा राखून ठेवल्याची. ती त्यानं उलगडली, आणि एफीनं चुलीचं झाकण उचललं.

तो पुन्हा कधी गेला नाही. पैसा काही उतू गेला नाही त्यांच्याकडं, पण आटलाही नाही. तिनाचे चार डॉलर करायचे झाले तरी एफी वर्षभर आधी सांगायची. पुढं बरीच घरं तेलाच्या शेगड्यांवर गेली. तिनं त्यांचेही नळ तपासायला शिकून घेतलं. मुलगी जेसी वडिलांना पाहुणा म्हणायची विसरली आणि मोठी होऊन स्वतःच छपरावर चढायला लागली. आणि गावानं नावं बदलली. काजळ्या रॅनीची एफी नाहीशी झाली, ती झाली शिडीची एफी. कोणी परका येऊन रॅनीचं घर विचारू लागला की लोक विचारायचे, "कुठला रॅनी? शिडीच्या एफीचा का?" रॅनी हे ऐकून छाती काढायचा. मरेपर्यंत.

मागच्या जानेवारीत एफीही गेली, झोपेतच, एक्याऐंशी वर्षांची होऊन. त्याच्या आधीचा डिसेंबर मात्र तिनं चुकवला नाही. छपरं जेसीकडं होती, पण कॅलेंडरं कधी तिनं कुणाच्या हाती दिली नाहीत. काठी टेकत ती कॅसीच्या दारात आली, बूट झटकले, चहा ओतून घेतला, काकवीची दोन बिस्किटं खाल्ली आणि तिसरं खिशात टाकलं.

"मेमध्ये असेन का गं मी?" कॅसी म्हणाली.

"तू नसलीस तरी धुराडं असेल."

एफीनं कानामागची पेन्सिल काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. लिहिता लिहिता, मागं न वळता म्हणाली, "त्या दिवशी एकच चादर दोनदा वाळत घातली होतीस. दारातनं दिसत होतं मला."

कॅसीनं कप खाली ठेवला. "इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"पहिलं घर दिलं होतंस. काय बोलू?"

मेचा दुसरा मंगळवार. 'धुराडं'. पेन्सिल कानामागं गेली. एफीनं काठी घेतली आणि पुढच्या घराच्या फाटकाकडं चालू लागली.