आभार कोणाचे मानायचे?

मंडळी, आज सकाळी आईने शेवटी विचारलंच.

आई सांगलीहून माझ्याकडे, आवडी नावाच्या शहरातल्या क्वार्टरमध्ये राहायला आली आहे. मी दर रविवारी चर्चला जाते हे कळल्यापासून ती गप्पच होती. आज बाल्कनीत कपडे वाळत घालताना म्हणाली, "खरं सांग, कोणी नादी लावलं तुला?"

मी दोरीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे चिमुकल्या शिंजीर पक्ष्याचं घरटं लोंबतंय. सुकी पानं कोळ्याच्या जाळ्याने जोडलेली, दारावर इवलीशी पडवी, आत पिल्लं.

"आई, गेल्या वर्षीही इथंच होतं. रोज चहा घेऊन बघत बसायचे. एकदा इतकं भरून आलं, की कोणाचे तरी आभार मानावेसे वाटले, पण कोणाचे ते कळेना. मग मैत्रिणीबरोबर चर्चला गेले. तिथे सगळे, ही सृष्टी घडवणाऱ्या बापाचे आभार मानत होते. येशू मला तिथे भेटला."

"आणि आपल्या देव्हाऱ्यातले देव?"

"मला हाक तिथून आली गं," एवढंच म्हणता आलं. आई आत गेली. मीही डोळे पुसून ऑफिस गाठलं.

संध्याकाळी येऊन बघते तर धुतलेले कपडे खुर्च्यांवर, दारांवर, सगळीकडे. "पिल्लं उडेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही," आईने बजावलं. चर्चचा विषयही काढला नाही.

आत्ता ती बाल्कनीच्या दाराशी हात जोडून उभी आहे. कोणाला, ते मी विचारलं नाही.

तुम्ही विचारलं असतं?