परमेश्वरच्या नावाची कॅसेट

करुणाला व्हिडिओ गेमची भीती वाटायची, आणि तरी तो सोडवत नसे. तिचे वडील कोंडीबा हिंगोली स्टेशनवर गँगमन होते. १९९५ साली त्यांनी नांदेडहून टीव्हीला जोडायचा गेम आणला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. वेळ संपत आली की खेळातलं संगीत भरभर वाजू लागायचं आणि तिचे तळहात ओले व्हायचे. पुढे मैत्रिणींचे गेम माळ्यावर गेले. करुणाचा छंद मात्र वाढला. कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागल्यावर ती बाजारात, भंगारात गेमच्या जुन्या कॅसेट शोधू लागली. २००८ पर्यंत तिच्याकडे एकशे बारा कॅसेट जमल्या.

त्याच वर्षी तिने ब्लॉग सुरू केला. स्वतःचं नाव कुठे दिलं नाही. "कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारतो," तिने एकदा लिहिलं. "त्याने काही होतं का, ठाऊक नाही. पण माझ्याआधी कुणीतरी हिच्यात फुंकर मारली असेल, म्हणून मला नवीपेक्षा जुनी कॅसेट आवडते." वाचणारे पंधरा-वीस असतील.

ऑगस्टमध्ये तिने एका पिवळ्या कॅसेटचा क्लासात काढलेला फोटो टाकला. मागच्या बाजूला ब्लेडने नाव कोरलेलं होतं, परमेश्वर.

दोन दिवसांनी खाली कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. "ही कॅसेट आमच्या घरातून चोरीला गेली आहे. तुम्ही कोण?"

तिने घाईघाईने फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन ओळी आल्या. "फोटो माझ्याकडे आहे. खिडकीच्या काचेत तुमच्या क्लासची पाटी उलटी दिसते. मी हिंगोलीला येणार."

करुणाने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. चोरीचा माल ठेवला म्हणून पोलीस आले तर? बाबांच्या नोकरीवर आलं तर? आणि हा माणूस कसला असेल? कॅसेटची पेटी तिने ज्वारीच्या पोत्यामागे ढकलली. क्लासात नवं कुणी आलं की तिची बोटं की-बोर्डवर थांबायची. घरी जाताना ती वर्दळीचा लांबचा रस्ता धरायची. गुरुवारी समोरच्या पानटपरीवर एक अनोळखी माणूस उभा राहून पाटी वाचत होता. ती मागच्या दाराने निघाली ती थेट घरापर्यंत पळतच.

"काहून धापा टाकून राहिलीस?" आई कमलबाईने विचारलं.

करुणाने सगळं सांगून टाकलं.

"तू चोरली का?"

"न्हाई माय. वसमतच्या बाजारातून घेतली."

"मग त्याला रविवारी घरी बोलाव. मी बसते समोर."

"त्यानं काही केलं तर?"

"दार उघडं ठेवू. गल्ली जागीच असते."

करुणाने ब्लॉगवरच उत्तर लिहून घरचा पत्ता कळवला. रविवारी सकाळी दोन माणसं आली. पुढचा तिशीचा, सेनगावकडचा शिक्षक प्रभू. मागे त्याचा शेजारी मोहनसिंग. करुणा आईच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. प्रभू उंबऱ्यावरच थांबला. पाणी दिलं तर तांब्या हातात धरून नुसता उभा राहिला.

"खरं सांगतो मावशी," तो म्हणाला, "चोरांच्या घरी चाललो असं समजून आलो. एकट्याची हिंमत झाली न्हाई, म्हणून ह्यांना आणलं."

त्याच्या कपाळावर घाम होता. त्यालाही भीती वाटते हे करुणाला तेव्हा कळलं, पण ती आईच्या मागून हलली नाही.

२००१ साली त्यांच्या घरातून टीव्ही आणि गेम गेला, प्रभूने सांगितलं. कुलूप फुटलेलं नव्हतं. वडील संपतराव यांना धाकट्या परमेश्वरचा संशय आला. त्यांनी त्याला चारचौघांत मारलं. पोरगं सोळा वर्षांचं होतं. ते पुण्याला गेलं आणि सात वर्षं फिरकलं नाही.

"ताई, कॅसेट कुणी विकली तेवढं सांगा. त्यानंच विकली असंल तर तेबी सांगा."

करुणाने पेटी ओढून बाहेर काढली. कुठली कॅसेट कधी, कुणाकडून घेतली हे ती वहीत लिहून ठेवायची. पान सापडलं. मार्च २००६, वसमतचा बाजार, लखमा भंगारवाला, एका पोत्यात नऊ कॅसेट. तिने नऊही जमिनीवर मांडल्या. प्रत्येकीवर वेगळं नाव होतं. दोन कॅसेटवर गावंही होती, सेनगावच्या आसपासचीच.

प्रभू एकेक उचलून वाचत गेला. एवढ्या घरांतल्या कॅसेट एका पोत्यात आल्या होत्या.

"हे एका पोराचं काम न्हाई," मोहनसिंग म्हणाला.

प्रभूने कॅसेट पुन्हा ओळीत लावल्या. मग त्याने पिवळी कॅसेट आणि वहीतल्या पानाची नक्कल मागितली. नक्कल लिहिताना करुणाच्या हातून दोनदा चुकलं.

संपतरावांनी कॅसेट पाहिली आणि दिवसभर ओसरीवर बसून राहिले, असं प्रभूने नंतर फोनवर सांगितलं. दिवाळीत परमेश्वर दोन दिवस राहून गेला. वडिलांशी फारसं बोलला नाही.

उरलेल्या आठ नावांनी करुणाची झोप उडवली. आणखी आठ अनोळखी माणसं दारात येतील, या विचाराने महिनाभर तिने ब्लॉग उघडला नाही. शेवटी तिने आठही फोटो टाकले, मागे पांढरी चादर धरून, आणि खाली लिहिलं, "यातली तुमची असेल तर घेऊन जा." प्रसिद्ध करायचं बटण दाबलं, कॉम्प्युटर बंद केला आणि घरी न्यायला आईला क्लासवर बोलावलं.